वाजवून पाहणे

खाशुरीच्या यार्डात सव्वीस वर्षं
मी चाकं वाजवून पाहिली.
लांब दांड्याचा हातोडा, डाव्या हातात कंदील,
आणि गाडी थांबायची तेवढी आठ मिनिटं.
चांगलं चाक घंटेसारखं बोलतं,
तडकलेलं बोलतं पडसं झाल्यासारखं.
एवढंच माझं शिक्षण.

मग रुळाशेजारी त्यांनी एक करडी पेटी बसवली.
ती न वाकता ऐकते, बूट मागत नाही.
साहेब म्हणाले, ओतिया,
तुझे कान आता घरी घेऊन जा.

नेले.
घरात त्यांना काम नव्हतं.
पहाटे चारला ईआमझे पीठ आपटायची,
हमरस्त्याच्या कडेला विकायला मनुकांच्या गोड रोट्या;
आणि माझा फ्रिज रात्रभर
काहीतरी कबूल करत असल्यासारखा घरघरायचा.

पुतणीने जुना लॅपटॉप दिला, त्यात एक वर्ग उघडून दिला:
सॉफ्टवेअर टेस्टिंग, सोळा आठवडे, रात्री नऊ ते अकरा.
शिकवणारी तेओना, बातुमीची, तेवीस वर्षांची.
तिच्या खिडकीतून समुद्रपक्षी मध्येच ओरडतात.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
चालतं का ते सगळेच बघतात,
तुम्ही कुठे मोडतं ते बघा.
मी पडद्याकडे निरखून पाहिलं.
ही पोर कधी यार्डात आली होती?

वयाची चौकट, अठरा ते साठ.
तेओना म्हणते, सतरा घाला, अठरा घाला,
साठ घाला, एकसष्ट घाला,
मोडतं ते नेहमी कडेला.
मध्ये एखादा आकडा टाकला की पुरे.
मी एक्कावन्न.
मध्ये टाकलेला.
नोकऱ्यांच्या जाहिरातींत मात्र 'तरुण, उत्साही' लिहिलेलं असतं,
तिथे मी थेट कडेवर.

सवय लागली. रात्री जेवताना म्हणालो,
अपेक्षित निकाल: मीठ.
प्रत्यक्ष निकाल: मीठ, दोनदा.
ईआमझेने चमचा ठेवला नि म्हणाली,
पायऱ्या लिहून दे, मग बघू.

एकदा वर्ग संपल्यावर विचारलं,
बाई, पुढे काय?
तिने गोड बोलून फसवलं नाही.
पहिलं वर्ष सुटी कामं, बगमागे थोडे लारी.
मग जमलं तर तिबिलिसीतली एखादी कंपनी.
इंग्रजी हवी. धीर हवा.
त्यानंतर ऑटोमेशन.
म्हणजे?
म्हणजे हेच तपासणं यंत्र करतं.
करडी पेटी, मी म्हणालो.
ती गप्प झाली. पक्षी ओरडला.
मग जरा वेळाने, स्वतःलाच सांगितल्यासारखी:
पेटीला कुणी वाजवून पाहतं का, काका?

अकराव्या आठवड्यात पहिलं खरं काम आलं,
एका औषधदुकानाचं अॅप.
नोंदणीच्या फॉर्मवर मी माझं नाव लिहिलं,
आईने ठेवलेलं, आमच्या गोल गोल अक्षरांत.
बटण दाबलं.
पडदा पांढरा.
परत लिहिलं. परत पांढरा.
रोमन लिपीत लिहिलं, तर मुकाट्याने आत घेतलं.

मी सगळं मांडलं: पायऱ्या, चित्रं, वेळ.
परदेशातून उत्तर आलं:
आमच्याकडे असं होत नाही.
इंजिनियर मिखोही असंच म्हणाला होता
चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात, एका मालडब्याबद्दल.
तेव्हाही मी भांडलो नव्हतो.
फक्त त्याच्या हातात हातोडा दिला होता.

या वेळी चित्रफीत पाठवली.
दोन दिवसांनी त्यांनी मान्य केलं.
बग खरा. पैसे जमा, पंधरा लारी.
तीव्रता: कमी.

पंधरा लारीत ईआमझेसाठी मनुका आणल्या.
पावती अजून वहीत आहे,
त्या दोन शब्दांच्या शेजारी चिकटवलेली.

दुरुस्ती अजून झालेली नाही.
दर सोमवारी मी तो फॉर्म उघडतो,
आपल्या अक्षरांत नाव लिहितो,
बटण दाबतो,
आणि जुन्या खोडीने
मान तिरकी करून
कान पुढे नेतो.